चोरीची काडी

सिर्पाच्या हातात कात्री होती, पण फाटकातून पुढे पाय उचलेना. हिल्कामावशीच्या अंगणात रेडकरंटचं, लाल आंबट फळांचं झुडूप पानं झडून उघडं उभं होतं. आईच्याच झुडपाची काडी लावून वाढवलेलं.

आणि त्याच काडीवरून सिर्पाने आईच्या दफनानंतर गाव कॉफीला जमलं तेव्हा, सगळ्यांदेखत, म्हातारीचे वाभाडे काढले होते. "चोर आहे ही! आईचं लक्ष नाही बघून तिच्या झुडपावर कात्री चालवली हिने. खिडकीतून माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी!" हिल्काने कप खाली ठेवला आणि ती निघून गेली.

बरं, एवढा जीव होता झुडपावर, तर सिर्पाबाईंनी पुढे काय करावं? तिथे गाडीला छप्पर हवं म्हणून आईचं झुडूप मुळासकट उपटून टाकलं. घ्या! उन्हाळ्यात वडील बादली घेऊन फळं तोडायला गेले आणि गाडीकडे बघत उभे राहिले. मग रोजच जायला लागले. "यंदा आईचा लाल रस नाही का गं?" एवढंच विचारायचे. आईच्या झुडपाचा वंश आता अख्ख्या गावात एकाच अंगणात उरला होता.

"आत ये की! फाटक काय चावतंय?" हिल्का पायरीवरून ओरडली.

सिर्पा झुडपापाशी गेली. शरमेने तिचे कान तापले होते. भर सभेत चोर म्हटलं, आता तिच्याकडेच कोणत्या तोंडाने मागायचं?

"मावशी, मी तेव्हा तुला नाही नाही ते बोलले. माझं चुकलं. बाबांसाठी एक काडी देशील का? तू म्हणशील ते—"

"गप्प बस!" म्हातारी खेकसली. "मागून नेलेली काडी कधी रुजलीय का? चोरलेलीच रुजते. आपल्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं हे. हेलसिंकीत राहून तेवढंही विसरलीस होय?"

हिल्का हळूहळू वळली, झुडपाकडे पाठ केली आणि रस्त्याकडे बघू लागली.

"चांगली जाडशी बघून घे. माझं काही लक्ष नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझी आईसुद्धा अशीच पाठ करून उभी होती."