वारा कुठला?

“वारा कुठला हाय?” भाग्यश्री ओरडली, आणि डॉ. नागोराव यांनी पेनाचं टोपण काढलं.

बोईसरच्या त्या कॉलेजचा विद्यार्थी उपक्रम विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला ते आले होते. विभागाकडे एक खोली होती, एक ढोलकी होती आणि भाग्यश्री ही विद्यार्थी परिषदेची सचिव होती. विभाग नापास झाला तर खोलीत जुन्या उत्तरपत्रिका ठेवायच्या, असं प्राचार्यांचं ठरलं होतं. गठ्ठे दाराबाहेर येऊन बसलेही होते. नागोरावांनी कार्यक्रमपत्रिकेत ‘पथनाट्य : वारा कुठला? विषय : कारखान्यातली वायुगळती’ एवढं वाचलं होतं. त्याखालच्या ओळीवर चहाचा कप होता.

आणि आत्ता, कप रिकामा व्हायच्या आत, औद्योगिक वसाहतीच्या बाजूने भोंगा वाजला होता. ‘आरंभ प्रभावी,’ त्यांनी लिहिलं.

भाग्यश्री घिवलीची, समुद्राकाठची. तिच्या घरी सकाळी आधी वारा विचारतात, मग चहा. तिने ओढणीचं टोक डोक्यावर धरलं आणि सैल सोडलं. टोक मनोरच्या दिशेला उडालं.

“समुद्रावरचा हाय! मनोर रस्त्याला कोणी पळायचं नाय, गॅसपण तिकडंच चाललाय. वाऱ्याला आडवं चला. पालघरच्या अंगाला, मैदानात!”

फाटकाशी एकाने मोटारसायकल नेमकी मनोरकडे वळवली होती.

“भावेश, गॅसबरोबर रेस लावतोस काय रे? उतर खाली!”

भावेश उतरला. ‘संवाद चटपटीत,’ नागोरावांनी लिहिलं. कोणीतरी त्यांच्या हातात ओला रुमाल दिला. “सर, नाकावर धरा आणि चला.” ‘प्रेक्षकांचा सहभाग,’ त्यांनी चालता चालता एका हाताने लिहिलं. हवेत काहीतरी झोंबणारं होतं. ‘वासाचा परिणाम उत्तम. कसा साधला, विचारणे.’ त्यांचे डोळे पाणावले. विद्यार्थ्यांच्या नाटकाने त्यांचे डोळे पाणावल्याला बरीच वर्षं झाली होती.

जिन्यात मात्र गोंधळ होता. वरच्या वर्गांतली मुलं एकदमच उतरायला निघाली होती आणि वळणावर ढकलाढकली सुरू झाली होती. डोंगरातल्या पाड्यावरचा जिवल्या कठड्यावर चढला.

“ढकलता कशाला? तारप्याच्या नाचात धरता तसं धरा! कमरेला हात! पुढचा चालंल तसं चालायचं, हात सोडायचा नाय!”

ज्यांना नाच येत होता त्यांनी धरलं, आणि ज्यांना येत नव्हता त्यांना त्यांनी धरलं. जिवल्या उडी मारून पुढे झाला. अख्खा जिना एक लांबलचक रांग होऊन वळणं घेत खाली आला आणि मैदानाकडे निघाला. कोणी पडलं नाही. ‘लोककलेचा वापर सुंदर. तारपा मात्र वाजला नाही.’

रांगेच्या मागे दम्याचा मितेश होता. त्याला खुर्चीत बसवून लाडकी नावाची मुलगी आणि आणखी एकजण उचलून नेत होत्या.

“हळू गं, पाडाल!” मितेशने कसंबसं म्हटलं.

“बोलू नको, नवरदेव. श्वास घे.”

विभागप्रमुख समिधा मॅडमच्या एका पायात चप्पल नव्हती. “वर कोणी राहिलं नाही ना? भाग्यश्री कुठंय?” त्यांनी विचारलं, आणि शेवटच्या शब्दाला आवाज फुटला. नागोराव क्षणभर चालायचे थांबले. अशी भूमिका त्यांनी कित्येक स्पर्धांत पाहिली नव्हती. ‘प्रमुख स्त्री-पात्र अत्यंत नैसर्गिक,’ त्यांनी लिहिलं आणि कर्तव्य म्हणून जोडलं, ‘परंतु अशा भूमिका शिक्षकांनी करू नयेत.’

भाग्यश्री परत वर गेली होती. प्रत्येक वर्ग, प्रयोगशाळा, मुलींचं स्वच्छतागृह बघून, दारं लावून ती सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. ‘नायिका बराच वेळ रंगमंचावर नाही.’

मैदानात हवा स्वच्छ होती. अग्निशमन दलाची गाडी कारखान्यांकडे गेली. ‘खर्चिक.’ बऱ्याच वेळाने भोंगा थांबला. मितेश तोंडात पंप धरून बसला होता; लाडकी त्याची पाठ चोळत होती. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. नागोरावांना हे खटकलं, म्हणून त्यांनी स्वतः थोड्या वाजवल्या. मग त्यांनी भाग्यश्रीला बोलावलं.

ती आली. तिचे डोळे लाल होते आणि केसांना जळमटं लागली होती.

“सर, आमची खोली ऱ्हाईल ना?” तिने आधी तेच विचारलं.

“बघू,” नागोराव म्हणाले. “आयोजन चोख आहे. शिस्त आहे. पण बाळ, नाट्य कुठंय? संकट आलंय आणि एकही विद्यार्थी घाबरत नाही. कोणी किंचाळत नाही, कोणी कोणाला सोडून पळत नाही. उलट त्या खुर्चीतल्या मुलाला तुम्ही नवरदेव म्हणता! प्रत्यक्षात माणसं अशी वागतात का? मला हे खरं वाटलं नाही. त्यामुळे दहापैकी चार.”

भाग्यश्रीने मैदानाकडे पाहिलं. मितेशची धाप थांबली होती. जिवल्याच्या रांगेतल्या काही मुलींनी अजून एकमेकींची कंबर सोडलेली नव्हती. तिने ओढणीला तोंड पुसलं.

“सर,” ती म्हणाली, “आमचं नाटक चारला हाय.”