आईचा खोटा पत्ता

१९९९ साली दीक्षा सांगलीतल्या सायबर कॅफेत जायची. ईमेलच्या यादीत तिनं कुंडल गावी राहणाऱ्या आपल्या आईचाही एक पत्ता मनानंच रचून घातला होता. आईवाचून यादी अपुरी वाटायची.

एका सकाळी कुणीतरी ती यादी चोरली. दीक्षानं न लिहिलेली मेल तिच्या नावानं सगळ्यांना गेली: ‘मी आलेय.’

वाट पाहून मैत्रिणी चिडल्या. आईच्या खोट्या पत्त्यावरची मेल परत यायला हवी होती. ती आली नाही.

दुपारी दीक्षानं बूथवरून घरी फोन लावला.

“आई, रविवारी येते.”

“आनी कुठनं येतीस?” आई हसली. “सकाळधरनं हितंच हायस की. समोर बसून भाकरी खातीयास.”

मागून, तोंडात घास असलेला दीक्षाचाच आवाज आला, “कोण हाय गं, आई?”