बापाचं लोखंड

थोरलीचं लग्न झालं, त्याच वर्षी तिचा बाप भट्टीत पडला.

पडताना कुणी पाहिलं नाही. सकाळच्या पाळीची माणसं कोळसा टाकायला वर चढली, तर भट्टीच्या तोंडाशी त्याची टोपी आणि कातडी अंगरखा पडलेला. हाका मारल्या, घरी माणूस धाडला, नदीपर्यंत शोधून आले. मग मुकादमाने डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं, आणि बाकीच्यांनी विचारायचं थांबवलं.

त्या कारखान्याची एक रीत होती. भट्टीने माणूस घेतला, की त्या खेपेचं लोखंड विकायचं नाही. जाळायला-पुरायला दुसरं काही उरतच नाही, म्हणून त्याच लोखंडाचा ठोकळा ओतायचा आणि तो मातीला द्यायचा. घरच्यांना राहती खोली कायमची, आणि मुलाला बापाच्या जागी काम. दोन माणसांनी पहारीने हलवावा एवढा तो ठोकळा खोलीमागच्या परसात पुरला, वरची बाजू उघडी ठेवून. थोरली सासरहून आली आणि त्या गार लोखंडाला मिठी मारून रडली. आईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"दगड आहे हो, दगड," शेजारणी कुजबुजल्या.

बाप थोरलीचा फार लाडका. साचा अंगावर पडून त्याची डावी नडगी मोडली होती. लोहाराने दोन कड्यांची लोखंडी पट्टी ठोकून दिली, ती त्याने पुढे कधी काढली नाही. पायरीवर टक् टक् वाजलं की थोरली दाराकडे धावायची. खिशातून तिच्यासाठी काहीतरी निघायचंच. आई मात्र तो आवाज ऐकून चुलीकडे तोंड करून बसायची. तिच्या मनगटावर भाजल्याचे डाग होते, एकावर एक. कुणी विचारलं तर म्हणायची, "चुलीला काय, डोळे असतात?"

पुढे भट्टी विझली. पाणचक्कीच्या खड्ड्यात गवत माजलं, धुराड्यातून झाड बाहेर आलं. खोल्या एकेक करून रिकाम्या झाल्या. राहिली ती आई, वाकलेली, कानाने तिखट. आणि मग एक दिवस कारखान्याचा इतिहास लिहिणारा माणूस मोजपट्टी घेऊन परसात उभा राहिला.

"आजी, या रितीबद्दल नुसतं ऐकत आलो होतो. ठोकळा डोळ्यांनी आज पाहिला."

"पाहिलात ना? मग चहा घ्या आणि निघा."

"जुन्या फाटकाशी चौथरा बांधतोय आम्ही. वर हा ठोकळा, खाली आजोबांचं नाव. लोक लांबून बघायला येतील."

"जिवंत होता तेव्हा जवळून बघायला कुणी आलं नाही."

थोरली तिथेच होती. तिचेही केस आता पिकले होते. "आई, असं काय करतेस? मान आहे हा बाबांचा!"

"मेलेल्याला उठवू नये बाई," आई म्हणाली. "उठला की पहिलं जेवायला मागतो."

इतिहासवाला हसला. थोरलीला राग आला. आई जन्मभर त्या माणसाबद्दल एक गोड शब्द बोलली नव्हती. म्हणून तीच बोलत सुटली. पट्टीची गोष्ट सांगितली, खिशातल्या खाऊची सांगितली, आणि शेवटी आपल्या आवडीची.

"लग्नानंतर दोन वर्षांनी मी पहिल्या बाळंतपणाला इथे आले होते. दिवेलागणीला मुलगा झाला. अंगात ताप भरलेला. आणि पायरीवर टक् टक्! मी म्हटलं, बाबा आले. आई म्हणाली, बाळंतिणीला काहीबाही ऐकू येतं, झोप मुकाट्याने. पण मी अजून मुलाला सांगते, तुझं तोंड बघायला आजोबा येऊन गेले."

इतिहासवाल्याने ते लिहून घेतलं. "वा! हे तर चौथऱ्यावरच कोरायला हवं."

"आणि गंमत म्हणजे, दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आई आणि मामा ठोकळ्याभोवतीची माती चोपताहेत. घुशींनी पोखरलं, ठोकळा खचला, म्हणाले. मी मनात म्हटलं, घुशी कसल्या? बाबाच हलले असणार!"

"तुझा मामा गेला, नाहीतर त्याने चांगली कानउघाडणी केली असती तुझी," आई म्हणाली.

"काढा तुम्ही ठोकळा," थोरलीने सांगून टाकलं. "मी थोरली आहे. मी सांगते."

आईने तिच्याकडे पाहिलं. "तुझा बाप, तुझी हौस," म्हणाली, आणि वाटाण्याच्या शेंगांनी भरलेलं सूप मांडीवर घेऊन दारात बसली.

दुसऱ्या दिवशी तीन वाशांचं तिकाटणं उभं राहिलं, कप्पी लागली, ठोकळ्याला साखळी आवळली गेली. थोरलीने येताना हार आणला होता. इतिहासवाला फोटो काढायला पुढे सरसावला. माती फुटली, लोखंड कण्हल्यासारखं वाजलं आणि ठोकळा वर लोंबकळला. त्याची खालची बाजू गंजून लाल झाली होती. तिच्यावर ओरखडे होते.

मजुरांनी आधी खाली पाहिलं. मग एकाने साखळी धरूनच तोंड फिरवलं.

हाडं उताणी होती. हातांचे दोन्ही पंजे वर, जिथे लोखंड होतं तिकडे. डाव्या नडगीवर दोन कड्यांची पट्टी.

हार थोरलीच्या हातातच राहिला. दारात आई शेंगा सोलत होती. एकही दाणा सुपाबाहेर पडला नाही.

थोरलीचा बाप तिच्या लग्नाच्या वर्षी मेला नव्हता. तो मेला तिचा मुलगा जन्मला त्या दिवशी. फार तर दुसऱ्या.