वाळुंजाखालची जागा

कुंपणाशी आल्यावर ऑरिन थांबला आणि त्याने टोपी काढून हातात घेतली. काउंटीची तपासनीस डेलिया चिखल तुडवत पुढे गेली होती, ती मागे वळली.

"एक विचारायचं होतं, पोरी," तो म्हणाला. "व्हर्नाला इथे पुरायचंय. ओढ्याकाठच्या त्या वाळुंजाच्या झाडाखाली."

व्हर्ना, त्याची बायको, वर घराच्या ओसरीवर खुर्चीत बसून या दोघांकडेच बघत होती. ती नाताळ बघेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं.

ऑरेगॉनात ओढ्याकाठचा पट्टा असा कुंपण घालून राखला की त्यावरचा कर माफ होतो. पण मग तिथे नांगर नाही, गुरं नाहीत, कुदळसुद्धा नाही. एक खड्डा खणला तरी माफी गेली आणि राखणही गेली. हे डेलियाने हळू आवाजात सांगितलं. कोणाला कळणार आहे, असं ऑरिनने म्हणून बघितलं. डोळे पुसत तिने मान हलवली.

"नाही, ऑरिन. मला माफ करा."

खरं तर ही अट व्हर्नानेच त्याच्या गळ्यात मारली होती. त्याला गुरं पाण्यावर सोडायची होती. तिने अबोला धरला आणि कुंपण घालून घेतलं. उभ्या आयुष्यात त्याच्याकडे तिने फारसं काही मागितलं नव्हतं, आणि आता मागितलेली एक जागा त्याला देता येत नव्हती. टेकडीचा चढ चढून घराकडे जाताना त्याने ठरवलं, खोटं बोलायचं. पुढचं पुढे.

"काय म्हणाली?" व्हर्नाने विचारलं.

"हो म्हणाली."

व्हर्नाचा चेहरा उतरला.

"खणायला हो म्हणाली?"

"तुझ्यासाठी म्हणून."

"आज माझ्यासाठी, उद्या आणखी कोणासाठी." अंगात त्राण नव्हतं, तरी खुर्चीचे हात धरून ती उठायला लागली. "बोलाव तिला परत. एवढी शहाणी मुलगी, आणि एका म्हातारीपुढे विरघळली."

"अगं, तूच मागितलंस ना?"

"मी मागणारच. मरायला टेकलेय मी. तिने नाही म्हणायला नको?"

पायरीवर बसून ऑरिनने खरं काय ते सांगून टाकलं. तिने नाही म्हटलं होतं, अगदी तोंडावर.

व्हर्ना पुन्हा खुर्चीत टेकली. खाली डेलिया अजून कुंपणापाशीच उभी होती, पाठमोरी.

"रडली का?" व्हर्नाने विचारलं.

"रडली."

"चांगली पोरगी आहे," व्हर्ना म्हणाली. "आता मला टेकडीवर पुरलंस तरी चालेल."