खंडेनवमीची तपासणी

"आज यांना हात लावायचा नाय," असं म्हणून बानाबाई कॉम्प्युटरच्या ओळीसमोर आडव्या उभ्या राहिल्या.

तपासणीला आलेले बोर्डे साहेब त्यांच्या खांद्यावरून आत बघत होते. पिशोरच्या एआय प्रशिक्षण केंद्रातला एकही पडदा हळद-कुंकवावाचून सुटला नव्हता. कीबोर्डवर झेंडूची फुलं होती. त्याच टेबलावर विळे, खुरपी आणि मेंढ्यांची लोकर कातरायची बानाबाईंची जुनी कातर मांडलेली. खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा झाली, आता दिवसभर त्यांना विश्रांती.

"सरकारी मालाला कुंकू?" साहेब म्हणाले.

"तुमच्या जीपला हार हाय की. ती बी सरकारीच ना?"

"पण जीप चालतेय, मावशी."

"ती चूक तुमच्या डायवरची."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी रुमालानं पुसून टाकलं. केंद्र चालवणारी प्रांजली, म्हणजे बानाबाईंचीच लेक, हिला मात्र हसणं परवडणारं नव्हतं. अनुदानाचा पुढचा हप्ता आजच्या अहवालावर अवलंबून होता. शिकणाऱ्या बायका काम करताना दिसल्या नाहीत तर हप्ता थांबेल आणि केंद्राचा गाशा गुंडाळून सगळं शहरात जाईल, हे साहेबांनी आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. आज येणार आहोत, एवढंच काय ते आधी सांगितलं नव्हतं.

"आई, एक तरी चालू करू दे."

"तुझ्या बापानं आजच्या दिवशी कधी कातर उचलली का?"

प्रांजली स्वतः बटण दाबू शकली असती. पण साहेबांना बायकांचं काम बघायचं होतं, आणि बायका जागच्या हलेनात. तिनं एकवार आईकडे रागानं पाहिलं, मग साहेबांकडे वळली.

"सर, मागं कपाशीचं शेत आहे. तुम्हीच जाऊन खराब पानं तोडून आणा. मशीन पान बघून रोग कसा ओळखते, ते या बायका बिनमशीनचं दाखवतील."

साहेब मूळचे शेती खात्यातले. त्यांनी मुद्दाम फसवी पानं निवडली. परत आले तेव्हा बानाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांच्या मागं तिघी ओळीनं. गीताबाईनं फक्त पान लाल आहे का ते बघायचं, शालूनं फक्त कडा वळल्यात का ते, आवडाबाईनं फक्त शिरा हिरव्या आहेत का ते. बोलायचं एकच, हाय किंवा नाय. पान न बघता रोगाचं नाव सांगायचं ते बानाबाईंनी.

साहेबांनी पहिलं पान पुढं केलं.

"हाय!" गीताबाई गरजली.

"हाय," शालू हळूच म्हणाली.

"नाय," आवडाबाई.

"लाल्या," बानाबाईंनी भिंतीला सांगितलं.

"चूक," साहेब म्हणाले. "लाल्या रोग नाही, तुडतुडे आहेत. ही कीड रस शोषते, म्हणून कडा वळतात." त्यांनी घड्याळात बघितलं.

प्रांजली डगमगली नाही. चूक व्हावी अशीच जणू वाट बघत होती. ती आईजवळ जाऊन वाकली.

"आई, गीताकाकूचा आवाज मोठा म्हणून तू तिचंच ऐकतीस. तिचं जरा कमी ऐक, शालूचं जास्त."

दुसरं पान. हाय, नाय, हाय. "लाल्या," बानाबाई म्हणाल्या.

बरोबर.

तिसऱ्या पानाला हाय, हाय, नाय. "तुडतुडे!" तेही बरोबर. मग साहेबांनी मध्येच एक धडधाकट हिरवं पान घुसवलं. दोन वेळा नाय, मग एक हाय ऐकून बानाबाई म्हणाल्या, "ह्याला काय बी झालं नाय. उगाच तोडलं."

बायका खदखदून हसल्या. आता साहेबही मोकळे हसले, रुमाल न काढता.

"मशीन अशीच शिकते?" त्यांनी विचारलं.

"अशीच, सर. फक्त तिच्यात गीताकाकू लाखो असतात. चुकलं की मागं यायचं, कुणाचं किती ऐकायचं ते बदलायचं, आणि पुन्हा पान घ्यायचं. आमच्या इथं प्रत्येकीला हे आधी जमिनीवर बसून येतं. मग ती मशीनला हात लावते."

हे सांगताना प्रांजलीनं त्या ओळीकडे पाहिलं. मेंढरांमागं, रोजंदारीवर आयुष्य काढलेल्या ह्या बायका आणि त्यांच्यात तिची हट्टी आई, सगळ्या मिळून स्वतःच मशीनचं डोकं होऊन बसल्या होत्या.

साहेबांनी अहवाल भरायला टॅब बाहेर काढला. बानाबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. साहेब थोडे घुटमळले. मग त्यांनी तो कातरीशेजारी ठेवला आणि प्रांजलीकडे कोरा कागद मागितला.

"हप्ता थांबवण्यासारखं काही नाही इथं," ते म्हणाले. "पण मशिनी चालू होत्या का, हे लिहावंच लागतं. काय लिहू?"

प्रांजली तोंड उघडणार तेवढ्यात, साहेबांच्या टॅबला कुंकवाचं बोट टेकवत बानाबाई म्हणाल्या,

"खरं ते लिवा की. मशिनी आराम करीत व्हत्या. काम बाया करीत व्हत्या."