अक्काचा हात

“सख्ख्या मावशीला ओळखत नाहीस? शिष्ट मेला!” लहानपणी आई करवादायची. चेहऱ्यावरून माणूस त्या कासाराला ओळखूच येत नसे. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

जत्रेत एक बाई त्याच्यापुढे बांगड्या भरायला मुकाट बसली. तिचा हात हातात घेताच कासार थबकला. अंगठ्याचं हाड आडमुठं, बाकी पंजा लोण्यासारखा. बांगडी भरायला तो याच हातावर शिकला होता.

“अक्का?”

“आज बरी ओळख पटली! त्या वर्षी बाजारात डोळ्यांत बघून पुढं गेलास. त्या रागानं तुला बोलावलं नाही, पाच भाऊबिजा कोरड्या गेल्या माझ्या.”

तिनं हात ओढला. त्यानं सोडला नाही.

“मला चेहरे कळत नाहीत गं.”

“म्हणजे? दिसतं तरी काय तुला?”

“नाक दिसतं, डोळे दिसतात. त्यांची अक्का होत नाही.”