सरपंचबाईंची सही

"ताई, ही सही तुमचीच ना?" डॉक्टर हर्षदानं फाईल पुढं सरकवली.

सुलक्षणानं पाहिलं. सही सुरेख होती. उकाराला डौल, खाली झोकदार रेघ, रेघेखाली दोन टिंबं. तिला स्वतःला अशी सही जन्मात जमली नव्हती. सहीच्या वर लिहिलं होतं, केमो नको, फक्त किरणं द्यावीत.

सुलक्षणाला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. मांडवगण फराट्याच्या पलीकडं एक वाडी आहे, तिथली ती चार वर्षांपासून सरपंच होती. म्हणजे खुर्ची बायकांसाठी राखीव निघाली आणि आप्पांच्या घरात बायको होती. बाकी सगळं आप्पाच बघत. ठराव, दाखले, गटारांची बिलं. आता तिचं दुखणंही तेच बघत होते.

हर्षदा सांगत गेली. ह्या आजाराला दोन्ही उपचार जोडीनं देतात. रोज किरणं आणि आठवड्याला एक केमो. केमोनं किरणांचा जोर वाढतो. दहा दिवस नुसत्या किरणांवर गेले होते. आत्ता सुरू केलं तर अजून हातात होतं. पुढं लांबलं तर तिला खात्री देता येत नव्हती.

आप्पा शेजारीच बसले होते. त्यांनी ग्रामसभेतल्या सुरात खुलासा केला. किरणं काही दिसत नाहीत; सकाळी गाडीत घालून आणायचं, दुपारी घरी. केमोनं उलट्या होणार, केस जाणार, गावभर बभ्रा होणार, आणि विरोधक अविश्वासाचा ठराव घेऊन उभेच. शिवाय दोन-दोन औषधं एकदम कशाला? आधी एकाचा गुण बघू.

कांद्यावर फवारताना हेच आप्पा एका पंपात तीन औषधं कालवत. पण कांद्याला बाजारभाव होता.

सुलक्षणानं नवा फॉर्म मागितला. जिभेचं टोक दातात धरून अक्षर-अक्षर जुळवत सही केली.

काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही सह्या शेजारीशेजारी धरल्या आणि नकारार्थी मान हलवली. केस सरकारी योजनेतली. सही जुळत नाही म्हणून वरून कागद परत येणार. ज्या पेशंटनं नकार दिला, होकारही त्याच पेशंटचा पाहिजे.

सुलक्षणानं आणखी एक कोरा फॉर्म घेतला आणि पेन आप्पांपुढं धरलं.

"करा."

"येडी झाली का काय? तुझी सही मी कशी करनार?" आप्पा चारचौघांकडं बघून हसले.

"बरं. मंग ह्यांना सांगती, ही माझी न्हाई म्हणून. आन् पंचायतीतल्या कागदांवरची बी माझी न्हाई, ते तालुक्याला जाऊन सांगती."

आप्पांचं हसू जागच्या जागी वाळलं. काउंटरवरच्या बाई जग बघितलेल्या होत्या. त्या एकदम कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधू लागल्या. आप्पांनी पेन घेतलं.

सही तंतोतंत जुळली. रक्ताचे रिपोर्ट बघून दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली केमो लागली.

चार वर्षांत आप्पांनी तिच्या नावाच्या शेकड्यांनी सह्या ठोकल्या होत्या. तिच्या सांगण्यावरून झालेली ही पहिलीच.